मुंबई उपनगरांतील पूर्वनियोजित वीजबंदी : एक ऐतिहासिक विवेचन

मराठी बोलीत ‘लाइट गेली’ असा प्रयोग सर्वत्र रूढ आहे. या वाक्यात जाण्याची क्रिया विजेकडे आहे. ती कोणी घालविली, कशासाठी घालविली आणि किती वेळापुरती घालविली, या प्रश्नांना त्यात जागा नाही. पाऊस यावा किंवा ओहोटी लागावी तशी वीज आपण होऊन जाते व आपण होऊन परत येते, असाच भाव त्यात गृहीत धरलेला असतो. वस्तुतः मुंबईच्या उपनगरांत गेल्या शंभर वर्षांत ज्या ज्या वेळी अंधार झाला, त्यांपैकी पुष्कळ प्रसंगी तो मनुष्याने हेतुपुरस्सर केलेला होता. हे हेतू स्थूलमानाने चार दिसतात : शत्रूच्या विमानांपासून शहर लपविणे, तुटवड्याच्या काळी वीज वाटून घेणे, यंत्रणेची देखभाल व दुरुस्ती करणे आणि आपत्तीच्या वेळी प्राणहानी टाळणे. घरात बसलेल्या माणसाला या चारही अंधारांत भेद जाणवत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो करावा लागतो. कारण त्या प्रत्येकामागे सत्ता, हक्क आणि जबाबदारी यांची निरनिराळी मांडणी उभी आहे. हे हेतू एकमेकांत मिसळले गेले म्हणजे पूर्वसूचनेवरील विश्वास ढळतो, आणि त्याचे मोल कधी ग्राहकाला तर कधी तारेवर काम करणाऱ्या कामगाराला द्यावे लागते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. परवान्यांचा भूगोल

मुंबई बेटावरील वीजपुरवठ्याचा संघटित आरंभ बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीपासून, म्हणजे १९०५ पासून धरता येतो. १९०७ मध्ये विजेवरील ट्राम सुरू झाली आणि १९४७ मध्ये हा उपक्रम मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचा झाला. या विजेचा मोठा भाग सह्याद्रीच्या माथ्यावरील पाण्यापासून येऊ लागला. टाटा समूहाचे खोपोली येथील वीजघर १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये चालू झाले. भिऱ्याला पाणी पुरविणाऱ्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, ही गोष्ट येथे मुद्दाम ध्यानात ठेवावयास हवी. प्रकाश कोणाला आणि त्याची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रश्न मुंबईच्या विजेच्या जन्माबरोबरच उपस्थित झालेला होता.

बेटापलीकडील साष्टीचा प्रदेश मात्र निराळ्या वाटेने प्रकाशित झाला. १९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. तिचे क्षेत्र पुढे पश्चिमेस वांद्र्यापासून अंधेरी, बोरिवली यांच्याही पलीकडे आणि पूर्वेस कुर्ला, चेंबूर, घाटकोपर यांवरून विक्रोळीपर्यंत पसरले. मुलुंड व भांडुप हा भाग मात्र १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या क्षेत्रात राहिला.

महानगरपालिकेच्या हद्दीचा इतिहास यासोबत ठेवून पाहिला असता एक लक्षणीय विसंगती दृष्टीस पडते. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंत नेण्यात आली; १९५७ मध्ये ती अनुक्रमे दहिसर व मुलुंड येथवर वाढली. म्हणजे बोरिवली आणि मुलुंड ही दोन्ही उपनगरे एकाच वर्षी एकाच नगरसंस्थेत आली. त्यांचे पाणी, रस्ते व कर एका छत्राखाली आले; वीज मात्र आली नाही. नागरिकत्वाची सीमा एक आणि परवान्याची सीमा दुसरी, अशी ही स्थिती जवळजवळ अर्धशतक फारशी कोणाच्या लक्षातही आली नाही. ज्या दिवशी तुटवडा आला, त्या दिवशी ती एकाएकी दृश्यमान झाली.

२. आज्ञेचा अंधार

सर्व समाजाने एकाच वेळी पाळावयाचा अंधार मुंबईने प्रथम युद्धकाळात अनुभवला. दुसऱ्या महायुद्धात शहरावर प्रकाशनिर्बंध होते. १९६५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानशी झालेल्या युद्धांच्या वेळी ‘ब्लॅकआऊट’ हा शब्द घरोघरी पोहोचला. खिडक्यांच्या काचांना काळे वा तपकिरी कागद लागले आणि मोटारींच्या दिव्यांचा वरचा भाग रंगविला गेला.

या अंधाराचे स्वरूप ध्यानात घेण्यासारखे आहे. तारांतून वीज वाहतच होती. दिवा मात्र नागरिकाने स्वतः मालवावयाचा किंवा झाकावयाचा होता. एका खिडकीतून निसटलेला उजेड सगळ्या गल्लीला घातक ठरू शकतो, ही समजूत त्यामागे होती. भोंग्याचा अर्थ, स्वयंसेवकाचा अधिकार आणि शेजाऱ्याची जबाबदारी या तिन्ही गोष्टी स्पष्ट होत्या. कारण ठाऊक असले आणि भार सर्वांवर सारखा असला, की नागरिक गैरसोय शिस्तीने सोसतात, एवढे या प्रसंगांवरून निश्चितपणे म्हणता येते.

३. तुटवड्याची वाटणी

दुसरा हेतू आर्थिक होय. निर्मितीपेक्षा मागणी अधिक झाली, की कोणाला तरी थांबावे लागते. कारखान्यांनी साप्ताहिक सुट्टी एकाच दिवशी न घेता निरनिराळ्या दिवशी घ्यावी, हा त्यावरील जुना उपाय. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारी आणि डोंबिवलीच्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असण्याची रीत याच धोरणातून रूढ झाली, आणि वाहिन्यांच्या देखभालीची कामेही बहुधा त्याच वारी होऊ लागली. कालांतराने हा वार लोकांच्या पंचांगाचाच एक भाग बनला. त्यामागील तुटवड्याची मीमांसा मात्र विस्मृतीत गेली.

पुरवठ्याचा आधार किती थोड्या ठिकाणांवर उभा आहे, हे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना परिसरात झालेल्या भूकंपाने दाखवून दिले. कोयनेची वीजनिर्मिती थांबताच तिचे परिणाम दूरवरच्या मुंबईच्या उद्योगांपर्यंत पोहोचले. तथापि मुंबईची तटबंदी हळूहळू मजबूत होत गेली. तुर्भे येथील औष्णिक केंद्र १९५६ पासून, तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून आणि उपनगरी कंपनीचे डहाणू येथील ५०० मेगावॉटचे केंद्र १९९० नंतरच्या दशकात चालू झाले. राज्याची जाळी कोसळू लागल्यास मुंबईचा पुरवठा तिच्यापासून तोडून स्वतंत्र ठेवावयाचा, ही ‘आयलँडिंग’ अथवा बेटीकरणाची योजना १९८१ पासून अमलात होती. विद्युत्‌दृष्ट्या मुंबई पुन्हा एकवार बेट झाली, असे म्हणता येईल.

या बेटाच्या तटाबाहेर, परंतु महानगराच्या आत, मुलुंड व भांडुप होते. दाभोळ येथील वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि मागणीच्या प्रमाणात नवी निर्मिती न झाल्याने राज्यातील तुटवडा वाढत गेला. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. त्या सुमारास महाराष्ट्रभर भारनियमनाचे वेळापत्रक लागू होते. मुलुंड व भांडुप महावितरणच्या क्षेत्रात असल्यामुळे ते त्यांनाही लागू झाले. घाटकोपरच्या स्थानकावरून सुटलेली लोकल काही मिनिटांत मुलुंडला पोहोचते. परंतु तेवढ्या अंतरात प्रवासी एका वीजराज्यातून दुसऱ्यात जात असे. तीच महानगरपालिका, तोच पिनकोडाचा ‘मुंबई’ हा शब्द, मात्र एकीकडे अखंड प्रकाश आणि दुसरीकडे वेळापत्रकाप्रमाणे अंधार.

मुलुंडकरांच्या तक्रारीत तथ्य होते, यात शंका नाही. परंतु विदर्भ, मराठवाडा व कोकणातील गावे त्याच काळी कितीतरी अधिक तास अंधारात होती, हेही तितकेच खरे. मुलुंडचा ‘आम्ही मुंबईचे असून आम्हाला भारनियमन का?’ हा प्रश्न आणि ग्रामीण महाराष्ट्राचा ‘मुंबईला ते मुळीच का नाही?’ हा प्रश्न, हे एकाच अन्यायाचे दोन चेहरे होत. २००६ मध्ये पुण्यात उद्योगांची स्वतःची जनित्रे चालवून आणि त्याचा जादा आकार ग्राहकांकडून घेऊन शहर भारनियमनमुक्त करण्याचा प्रयोग झाला. पुढे वाहिनीवरील वितरणहानी व वसुली पाहून भारनियमनाचे गट ठरविण्यात आले. पहिल्या उपायात पैसे देण्याची ऐपत ही कसोटी ठरली, दुसऱ्यात वस्तीची सामूहिक पत. दुसऱ्या उपायामुळे चोरीस आळा बसण्यास मदत झाली असेल. परंतु नियमितपणे बिल भरणारा ग्राहक केवळ शेजाऱ्यांच्या थकबाकीमुळे अंधारात बसला, हेही नाकारता येत नाही.

४. दुरुस्तीसाठी अंधार

तिसरा हेतू यांहून सर्वस्वी निराळा आहे, आणि ‘पूर्वनियोजित वीजबंदी’ ही संज्ञा काटेकोरपणे त्यालाच लागू पडते. येथे वीज शिल्लक असते; ती बंद करतात ती तारेवर, रोहित्रात किंवा जमिनीखालील केबलच्या सांध्यावर माणसाला हात घालता यावा म्हणून. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत अशा सूचना वाढतात, त्याचे कारण हेच. जूनमध्ये पाणी शिरून निकामी होणारा सांधा मे महिन्यात उघडून पाहिला, तर दोन तासांचा अंधार पुढील दोन दिवसांचा अंधार वाचवू शकतो.

या अंधाराची शिस्त लेखी असते. १९१० च्या विद्युत् कायद्याखालील नियम, विशेषतः १९३७ व १९५६ चे, आणि २००३ च्या कायद्यानंतर केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने केलेली सुरक्षाविषयक विनियमने यांतून ही पद्धत विकसित झाली. कामगारांच्या बोलीत तिला ‘परमिट घेणे’ म्हणतात. उपकेंद्रातील जबाबदार अधिकारी वाहिनी बंद करतो, तिला दोन्ही बाजूंनी अलग करतो, वीज खरोखर नाही याची उपकरणाने खात्री करून घेतो, तारा जमिनीशी जोडतो म्हणजेच अर्थिंग करतो, खटक्यावर ‘माणसे कामावर आहेत’ अशी पाटी लावतो आणि मग लेखी परवाना देतो. काम संपल्यावर तो परवाना परत आल्यावाचून वाहिनी पुन्हा चालू करावयाची नसते. वर्तमानपत्रात किंवा सोसायटीच्या फलकावर ग्राहकाला दिसणारी दोन ओळींची सूचना ही या सर्व व्यवस्थेची केवळ बाहेरची बाजू होय.

या व्यवस्थेत एक फट मात्र राहते, आणि ती ग्राहकाच्या घरात असते. भारनियमनाच्या वर्षांनी महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला इन्व्हर्टर व जनित्र यांची सवय लावली. अंधार अविश्वसनीय ठरल्यामुळे प्रत्येकाने आपापली सोय करून घेतली. परंतु जनित्र जोडताना बाहेरून येणारी वाहिनी पूर्णपणे तोडणारा बदलखटका, म्हणजे ‘चेंजओव्हर स्विच’, बसविलेला नसेल, तर जनित्राची वीज उलट दिशेने रस्त्यावरील तारेत जाते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरगुती पातळीवर आणणारे तेच यंत्र खालून वीज मिळाल्यास वरच्या बाजूस तितकाच उच्च दाब निर्माण करू शकते. उपकेंद्रातून बंद केलेली तार अशा रीतीने सोसायटीच्या तळघरातून जिवंत होते. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस अर्थिंग करण्याचा आग्रह धरला जातो तो याच भयापोटी. ते करण्यात हयगय झाली, तर कोणाच्या तरी दिवाणखान्यातील पंखा फिरावा म्हणून खांबावरील माणसाचा जीव जाऊ शकतो. तुटवड्याच्या अंधाराने शिकविलेली सवय दुरुस्तीच्या अंधारात घातक ठरते, ती अशी.

५. दोन कसोट्या

चौथ्या हेतूची, म्हणजे प्राणरक्षणासाठी केलेल्या वीजबंदीची, मोठी कसोटी २६ जुलै २००५ रोजी लागली. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपकेंद्रे आणि तळमजल्यावरील मीटरखोल्या पाण्याखाली गेल्या, आणि पुष्कळ ठिकाणी पुरवठा थांबविणे भाग पडले. पाण्यातून वीज पसरून माणसे मरू नयेत म्हणून केलेला अंधार हा योग्यच होता. अडचण पुढे आली. काही वस्त्यांत हा अंधार अनेक दिवस टिकला, आणि वीज सुरक्षिततेसाठी बंद आहे, यंत्रणा नादुरुस्त आहे म्हणून बंद आहे, की कोणाचे लक्ष नाही म्हणून बंद आहे, हे लोकांना कळेनासे झाले. कारण न सांगितलेली सावधगिरी आणि बेपर्वाई यांत अंधारात बसलेल्या माणसाला फरक करता येत नाही.

दुसरी कसोटी १२ ऑक्टोबर २०२० ची. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व ठाण्याचा बराच भाग एकाएकी अंधारला आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. तत्कालीन ऊर्जामंत्र्यांनी त्या दिवशी दिलेल्या निवेदनानुसार, कळवा-पडघे या ४०० किलोव्होल्ट वाहिनीचे एक मंडल देखभालीसाठी बंद होते, त्याचा भार दुसऱ्या मंडलावर होता, आणि त्या दुसऱ्यात बिघाड झाला. म्हणजे एका नियोजित वीजबंदीच्या पोटातून अनियोजित अंधार जन्मला. ज्या बेटीकरणावर चार दशके विसंबून राहिले, तेही शहराला संपूर्णपणे तारू शकले नाही. आणि या वेळी घाटकोपर व मुलुंड, अंधेरी व बोरिवली यांत भेद उरला नाही.

त्याच दिवशी मुलुंडमधील एका खाजगी रुग्णालयाच्या जनित्राला आग लागली आणि रुग्णांना अन्यत्र हलवावे लागले. संकटासाठी ठेवलेले साधनच संकट होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण नाही. क्वचित चालणारे जनित्र एकाएकी दीर्घकाळ पूर्ण भाराने चालविले जाते. त्याची नियमित चाचणी, वायुवीजन आणि भाराची मर्यादा यांचा विचार आगाऊ केलेला नसेल, तर कसोटीच्या क्षणी ते दगा देते. दुरुस्तीसाठी अंधार हवाच, परंतु एक वाट बंद करताना दुसरी वाट भार पेलू शकेल काय, हा हिशेब नियोजनाचाच भाग होय, हा या दिवसाचा दुहेरी धडा.

६. सूचनेची दुसरी बाजू

या इतिहासावरून नागरिकाने काय बोध घ्यावा? पहिला असा, की वीजबंदीची सूचना म्हणजे तारा निर्जीव असल्याची हमी नव्हे. काम लवकर आटोपल्यास पुरवठा ठरलेल्या वेळेपूर्वीही सुरू होतो; म्हणून त्या अवधीत घरातील तारजोडणी उघडून बसणे, लोंबणारी तार हाताने बाजूस करणे किंवा ओल्या मीटरखोलीत शिरणे हे जिवावरचे साहस ठरते. तार नेहमी जिवंतच मानावयाची, हा कामगाराचा नियम ग्राहकानेही पाळावयास हवा.

दुसरा बोध वीज परतण्याच्या क्षणाविषयी आहे. वीज गेली असता चालू राहिलेली इस्त्री किंवा शेगडी माणूस घरात नसताना तापू लागते आणि आग लागते. सर्व उपकरणे एकदम भार खेचू लागली म्हणजे दाबही काही क्षण अस्थिर होतो. वीज जाताच तापणारी व नाजूक उपकरणे बंद करून एकच दिवा चालू ठेवणे, हा जुन्या गृहिणींचा परिपाठ शास्त्राला धरूनच आहे.

तिसरा बोध उंच इमारतींचा. उपनगरांतील चाळी व बंगल्या जाऊन तेथे मनोरे उभे राहिल्यापासून वीज आणि पाणी ही एकच गोष्ट झाली आहे. पंप थांबला की नळ थांबतो आणि लिफ्टही थांबते. म्हणून सूचना मिळताच टाकी भरून घेणे, ठरलेल्या वेळेच्या थोडे आधीपासून लिफ्ट न वापरणे, आणि वृद्ध, आजारी किंवा घरी प्राणवायूच्या यंत्रावर असलेली व्यक्ती कोणत्या मजल्यावर आहे याची नोंद सोसायटीने ठेवणे अगत्याचे ठरते. लिफ्ट मध्येच अडकल्यास दार बळेच उघडून उडी मारू नये. आत थांबून धोक्याची घंटा वाजवावी. जनित्र बंदिस्त जागेत चालविल्यास त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन वायू झोपेतच प्राण घेतो. मेणबत्तीपेक्षा विजेरी बरी, आणि मेणबत्ती लावलीच तर ती पडद्यापासून व मुलांपासून दूर, हेही सांगावयास हवे. छतावरील जाळीशी जोडलेला सौरसंच वीजबंदीत आपोआप बंद पडतो, हा त्याचा दोष नसून खांबावरील कामगाराला दिलेले संरक्षण आहे.

समारोप

युद्धातील अंधार आज्ञेचा होता आणि तो सर्वांवर सारखा होता. तुटवड्याचा अंधार वाटणीचा होता, आणि त्या वाटणीत परवान्याची सीमा, ऐपत व पत यांनी नागरिकांत भेद केले. दुरुस्तीचा अंधार कामगाराच्या जिवासाठी आहे, तर पुरातील अंधार सर्वांच्याच. यांपैकी दुसरा अंधार हा व्यवस्थेच्या अपयशाचा पुरावा असून तिसरा तिच्या प्रौढपणाचा आहे. दोहोंना एकाच नावाने ओळखण्याची सवय लागल्यामुळे रास्त दुरुस्तीच्या वेळी संताप आणि अन्याय्य वाटणीच्या वेळी निमूटपणा, असे उलटे चित्र अनेकदा दिसते.

उपनगरी कंपनीची मालकी या शतकात दोनदा बदलली; २०१८ पासून ती अदानी समूहाकडे आहे. मुलुंड आजही महावितरणच्याच क्षेत्रात येते. मालक कोणीही असो, वीजबंदीच्या सूचनेत तारीख व वेळ यांबरोबर कारणही स्पष्ट लिहिलेले असणे, आणि तुटवड्यासाठी ‘दुरुस्ती’ हा शब्द कधीही न वापरला जाणे, ही किमान अपेक्षा या इतिहासातून निघते. ‘लाइट गेली’ या वाक्यातील लपलेला कर्ता त्यामुळे उघड होईल. वीज कोणी व कशासाठी बंद केली हे ठाऊक असलेला ग्राहकच आपले जनित्र जोडण्यापूर्वी खांबावरील माणसाची आठवण ठेवू शकतो. वर्तमानपत्रांतील वीजबंदीच्या जुन्या सूचना, उपकेंद्रांतील परमिटांच्या नोंदवह्या आणि निवृत्त लाइनमन मंडळींच्या तोंडच्या आठवणी ही या विषयाची मुख्य साधने होत. त्यांपैकी शेवटचे साधन दरवर्षी क्षीण होत चालले आहे, हे पदव्युत्तर संशोधकांनी वेळीच लक्षात घ्यावे.